डॉक्टरांनी न दिलेला शब्द

ऐकायचं तर ऐका, पण मध्येच खरं-खोटं विचारू नका. पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवूनही त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. शेखरनं सांगितलं तसं सांगतो.

चिखलीचा हा शेखर जुन्या गाड्या जमवायचा. शेडमध्ये चार होत्या, पाचवी निवडायची होती. सोनाळ्याला निजामभाईंची फियाट, पत्रा अजून टणक. जानेफळला डॉक्टर प्रेमानंदांची बहात्तर सालची अ‍ॅम्बेसेडर. शेखरचा जीव फियाटवर होता. पण निजामभाई हयात होते, आणि डॉक्टर नुकतेच गेले होते. त्याची निवड अशीच व्हायची. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला की तो नाव-गाव वाचायचा आणि सगळे विधी आटोपले की त्या घरी हजर. म्हणायचा, "त्यांनी मला शब्द दिला होता. माझ्यामागं गाडी तुझी, असं म्हणाले होते." गेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडतो? चारही गाड्या अशाच आल्या होत्या.

दोन हजार चोवीसच्या डिसेंबरची सात तारीख, शनिवार, संध्याकाळचे सहा. डॉक्टरांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आठवडा झाला होता. त्यांच्या पत्नी, सिंधूताई, शेखरचं सगळं ऐकून घेत होत्या. मुलगी समता दारात उभी होती. ती याच गाडीवर चालवायला शिकली आणि गाडी तीच वापरायची.

"बाबा मले तं कधी बोलले नाही," समता म्हणाली.

"तुले काऊन सांगतीन? माणसामाणसातली गोष्ट राह्यते."

"मंग मी कोन हाय, म्हैस?"

"समते, गप," सिंधूताई म्हणाल्या. "त्यायनं शब्द देल्ला असंन तं देल्ला. घेऊन जाय, बापू. पन सांभाळजो."

समतानं किल्ली त्याच्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली आणि आत गेली.

साडेसातला तो निघाला. गाव मागं पडलं. दोन्ही अंगांनी तूर, वर नुसती थंडी. इंजिन गोड चाललं होतं. आणि गाडी मागून जराशी दबली. कुणी दार उघडून आत बसावं, तशी.

दार वाजलं नव्हतं.

"शेखर."

आवाज हळू. दवाखान्यात पेशंटला विचारावं तसा.

"मी कवा म्हनलो तुले?"

आरशात अंधार. शेखरनं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला.

"मी कवा म्हनलो?"

"...नाही म्हनले." त्यानं ब्रेक दाबला. "खोटं बोललो, डॉक्टरसाहेब. वापस नेतो. आत्ता नेतो."

त्यानं गाडी जानेफळकडं वळवली. 

गाडी अजून दबली.

"अन् मी?"

हा आवाज वेगळा. मेहकरच्या वकिलांचा. शेडमधली पहिली गाडी त्यांची.

"अन् मी?"

तिसरा.

"मी कवा म्हनलो बे?"

चौथा... मग पाचवा. मागं दाटी झाली. श्वास मात्र एकाचाच ऐकू येत होता, शेखरचा. कुणीतरी मागून पुढं सरकलं. शेजारची सीट खचली. त्याच्या खांद्याला एक खांदा लागला.

गार...

साडेआठला समतानं फाटकात उजेड पाहिला. शेखर उतरला, दोघी मायलेकींसमोर उभा राहून त्यानं सगळं कबूल केलं. तो उतरला तशी गाडी मागून हळूच वर आली. हे समतानं मला स्वतः सांगितलं. ती आता रोज चालवते. गाडीला काही नाही.

बाकीच्या चार गाड्याही शेखरनं ज्यांच्या त्यांना परत केल्या. मला वाटलं, संपलं. अर्थात मला काय, काहीही वाटतं.

परवा तो बसस्टँडवर दिसला. वाळून पार काडी झालाय. गाडीत बसत नाही, कुठंही पायीच जातो. मीच आग्रह केला, स्कूटरवर मागं घेतलं. तो बसला. स्कूटर थोडी दबली.

मग परत दबली.

मग परत...

मी मागं पाहिलं नाही. पुढच्या चौकात त्याला उतरवेपर्यंत मागचं चाक वर मडगार्डला घासत होतं. मडगार्डचा पत्रा आतून खरवडून पांढरा झालाय. उद्या उजेडात दाखवतो.