नवव्या दिवसाची वेणी

शालन मावशी तेलाची वाटी घेऊन आल्या तेव्हा ईश्वरीच्या मनगटावरची मनपट्टी हिरवीच होती. सलग नववा दिवस. नाडी, घाम, झोप आणि आवाजातला कंप टिपून ती पट्टी एक अंक काढायची: हा माणूस स्वतःला इजा करण्याच्या किती जवळ आहे, याचा. दहा दिवस हिरवी राहिली की रुग्ण घरी. पट्ट्या आल्यापासून मिरजेजवळच्या त्या शुश्रूषागृहात उशाशी बसणाऱ्या मावश्यांची गरज उरली नव्हती. शालन मावशी शेवटच्या, आणि आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

वेणी घालणं आता कुणाच्याच कामात नव्हतं. पूर्वी, मोठ्या सिस्टर होत्या तेव्हा, वॉर्डाची सकाळ तेलाच्या वासानं व्हायची. बायका ओळीनं पाठमोऱ्या बसायच्या. डोक्यावर हात असला की न बोलणारीही कधीतरी बोलायची.

"घट्ट घालू?"

"कशीही घाला, मावशी."

शालन मावशींचा हात थांबला. भांग केसभर सरकला तरी ही पोरगी अख्खी वेणी सोडायला लावायची.

"आज बरी गुणाची झालीस."

ईश्वरी हसली. उशाखालून तिनं पिवळ्या फुलांचा चाप काढला, आईनं पाठवलेला. "हा तुमच्या नातीला."

"माझी नात पोरांसारखे केस कापून फिरते. चाप काय कानाला लावू तिच्या?"

"असू दे. मला नकोय आता. रंगपेटीपण समोरच्या काकूंना दिली."

पंचवीस वर्षांपूर्वी याच खोलीत कमल होती. तिनंही एका सकाळी रुमाल, बांगड्या, सगळं वाटून टाकलं होतं. हसत होती. बरी झाली म्हणून वॉर्डात शिरा केला होता. संध्याकाळी कमल नव्हती.

डॉक्टर मुजावर हातातल्या पडदापाटीवरचे पट्ट्यांचे आकडे बघत आत आल्या. "उद्या घरी, ईश्वरी! अंक सात आलाय. शंभरात सात. इतका कमी तर माझाही येत नाही."

"तेच म्हणते, डॉक्टर," मावशी हळूच म्हणाल्या. "तुमचाही येत नाही. मग हिचा कसा आला?"

"म्हणजे?"

"सगळं ठरवून टाकलेलं माणूस असं शांत होतं. बघितलंय मी."

डॉक्टरांनी पाटीवर बोट फिरवलं. असं काही नोंदवायला तिथं जागाच नव्हती.

विचारल्यानं कुणाच्या मनात ते येत नाही, उलट आत साचलेल्याला वाट मिळते, हे मोठ्या सिस्टरांनी शिकवलं होतं. कमल गेल्यावर शिकवलं होतं. मावशी समोर येऊन बसल्या.

"बाळा, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

ईश्वरीनं मनगटावरची पट्टी बोटानं गोल फिरवली.

"घरी गेल्यावर," ईश्वरी म्हणाली. "इथं नाही. इथं तुम्हाला त्रास झाला असता." आणि ती रडू लागली, हुंदके देऊन, लहान मुलासारखी.

पट्टी लाल झाली. भोंगा वाजला. लाल झालं की रुग्णाला रिकाम्या खोलीत एकटं ठेवायचं, वरून कॅमेरा, असा नियम. दोन कर्मचारी धावत दाराशी आले.

डॉक्टरांनी भोंगा बंद केला. त्या पट्टीकडे बघत राहिल्या. नऊ दिवसांत ती आज पहिल्यांदा खरं सांगत होती.

"खोली नको," त्या म्हणाल्या. "घरी जाणंही रद्द. मी हिच्याशी बोलणार आहे, निवांत. आणि मावशी, तुम्ही हलू नका."

"मी कुठं हलतेय?"

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकल्या. रडं ओसरायला तास गेला. ईश्वरीनं नाक पुसलं, मानेवर हात फिरवला.

"अर्धीच राहिली."

"घालते की." मावशींनी तीन पेड पुन्हा हातात घेतले. "घट्ट?"

"घट्ट. आणि भांग वाकडा आलाय तुमचा."

मावशींना हसू आलं. डोळे मात्र भरले.

डॉक्टरांच्या मांडीवरच्या पाटीवर उद्याच्या पाळीची यादी दिसत होती. चाळीस पट्ट्यांचे चाळीस क्रमांक होते. उशाशी बसणाऱ्या माणसाचं नाव एकही नव्हतं.

"मावशी," ईश्वरीनं पाठमोरीच विचारलं, "उद्या कोण घालणार?"