आपापला माणूस

“मुकी न्हाई, पन बोलतबी न्हाई. बरंच हाय. मोटारीत माणसं मोजत बसनार न्हाई,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या जावेला सांगत होत्या. मी न्हाणीत होते, आणि न्हाणीला दार म्हणून एक पोतं होतं.

लग्नाला आठ दिवस झाले होते. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, तरी थोरल्या दिरांनी, श्रीमंतरावांनी, संगमनेरातून कोळशाच्या गॅसवर चालणारी एक मोटार दिवसभरासाठी ठरवली. निमित्त काय, तर नव्या सुनेला भंडारदऱ्याचं धरण दाखवायचं. खरं कारण अकोल्यात कळलं. मोटार देवळाशी थांबली नाही, गुत्त्याशी थांबली. पुढं राजूरलाही तेच. पुरुष आत आणि आम्ही बायका गाडीत. मी शाळा शिकलेली, त्यामुळं ‘देशी दारूचे दुकान’ ही पाटी कितीदा तरी वाचून झाली. धरण त्या मानानं लवकर उरकलं.

माणसं मोजण्याचं काय, ते जाऊबाईंनी, रतनबाईंनी, वाटेत समजावलं. या घरात प्रवासात माणसं मोजत नाहीत. मोजली की उणी होतात. गाडी सुटताना आत्याबाई विचारणार, “आपापला माणूस हाय का?” मग ज्या त्या बाईनं आपल्या नवऱ्याकडं बघून “आले” म्हणायचं. सगळ्यांचं म्हणून झालं की सहादेव ड्रायव्हर गाडी सोडणार.

अडचण एवढीच होती, की माझ्या माणसाकडं मी अजून धड बघितलंच नव्हतं. आवाज ओळखीचा झाला होता. हात ओळखीचे होते, नखांच्या कडेला लग्नाची हळद अजून पिवळी होती. चेहरा मात्र पदराखालून दिसेल तेवढाच, म्हणजे हनुवटी. रतनबाईंनी थट्टेनं आम्हा दोघांना मागच्या बाकावर ढकललं, आणि आत्याबाईंनी लगेच मधे भाकरीची टोपली ठेवली.

धरणाच्या भिंतीवर ते माझ्याकडं न बघता म्हणाले होते, “भ्याव वाटतंय का?” मी मान हलवली. “मलाबी वाटतंय. घरी सांगू नगं.” दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच. पण मला तो माणूस आवडला.

परतीला रंध्याच्या धबधब्याशी गाडी थांबली. दिवस कलला होता. पुरुषांनी बाटल्या काढल्या आणि कड्याकडं गेले. हेही गेले, जरा धार बघून येतो म्हणाले. आम्ही गाडीत. पाण्याचा आवाज असा, की शेजारच्या बाईचे नुसते ओठ हललेले दिसावेत. खालून तुषारांचं धुकं वर आलं आणि रस्त्यावर पसरलं. ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास गाडीत भरला.

कंदिलाची वात जरा वर कर पोरी, पुढचं सांगते.

पुरुष धुक्यातून एकेक करून परतले, ओलेचिंब, हसत, एकमेकांना धरून. सगळ्यांच्या मागून एकजण गुपचूप आले आणि टोपलीपलीकडं बसले. आत्याबाईंनी विचारलं. मला पदराखालून ओलं धोतर दिसलं. मी म्हणाले, “आले.”

गाडी उताराला लागली. मी मागच्या खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यावर एक माणूस आमच्यामागं धावत होता. कोळशाच्या धुरात नीट दिसेना. एक हात वर होता. श्रीमंतरावांनीही पाहिलं. फुकटात बसायला धावतंय, धावू दे, म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा हसले. वळण येईपर्यंत तो धावतच होता.

मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली...

अख्ख्या गाडीला दारूचा वास होता, माझ्या शेजारून मात्र नव्हता. तिथून उपसा नसलेल्या विहिरीच्या तळासारखा वास येत होता. बाकीच्यांचे कपडे वाऱ्यानं सुकत आले. शेजारचं पाणी गळतच होतं. ते माझ्या पायांखालून पुढच्या बाकापर्यंत गेलं, आणि ते फार गार होतं. श्रीमंतरावांनी पान पुढं केलं. माझ्या शेजारच्यांनी ते घेतलं नाही, बोललेही नाहीत.

आत्याबाई मागं वळल्या. “दमलंय पोरगं,” म्हणाल्या.

मी स्वतःला समजावलं. जन्म दिलेली बाई म्हणते ना, मग मी आठ दिवसांची कोण?

खड्ड्यात गाडी आदळली, टोपली घसरली. ती धरायला पलीकडून एक हात आला. पांढरा. बोटांची कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. नखांच्या कडेला हळद नव्हती.

मी पदर मागं केला आणि पहिल्यांदा वर बघितलं.

हनुवटी तीच होती. पण ते माझ्याकडंच बघत होते, पापणी न हलवता, कपाळ, मग नाक, मग ओठ... जसं काही माझा चेहरा पाठ करायचा होता. आणि बघता बघता त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात, माझ्या आहे तिथंच, एक तीळ उमटला.

आत्याबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि त्यांचं डोकं पुसायला हात पुढं केला. मी तो हात मनगटाशी धरला. सासूचा हात धरायची ती माझी पहिली वेळ.

“हात लावू नका, आत्याबाई,” मी म्हणाले. “सहादेवदादा, गाडी मागं वळवा. मघाशी मी ‘आले’ म्हणाले, ते कुणाला म्हणाले, मला ठाऊक नाही. आपला माणूस अजून रस्त्यावर धावतोय.”