दचक

संगमनेरात दचकणारी माणसं आता शोधावी लागतात. परवाच एका वरातीत सुतळी बॉम्ब ऐन नवरदेवाच्या पायाशी फुटला. घोडी उधळली, नवरदेव मात्र लगाम धरून शांतपणे समोर बघत राहिला. मुलाखतीला जाणाऱ्यांच्या तळहातांना इथे घाम सुटत नाही, आणि दहावीच्या निकालादिवशी पोरं पोटभर जेवून ताणून देतात. गावाला याचा अभिमान आहे, आणि का नसावा? ही किमया करणारा माणूस गावचाच आहे.

शर्विल गुंजाळने ‘मोकाट’ हा गाडी पळवण्याचा खेळ एकट्याने लिहिला. ना कंपनी, ना कचेरी. पिठाच्या गिरणीवरची एक खोली, आणि पहिल्या दिवसापासून खेळून बघायला थोरली बहीण तनया. मोकाटला शेवट नाही, कारण त्यातला रस्ता आधी तयारच नसतो. फोनचा कॅमेरा खेळणाऱ्याच्या बुबुळांवर लक्ष ठेवतो. पुढचं वळण जिकडे असेल असं आपल्याला वाटतं, तिकडे आपली नजर वळण दिसायच्या आधीच सरकते. शर्विलने तिला नाव दिलं ‘पुढनजर’. पुढनजर डावीकडे सरकली की खेळ डावीकडे रस्ता घालतो. त्यामुळे मोकाटमध्ये आजवर एकाचीही गाडी आपटलेली नाही. तीन वर्षं अख्खा तालुका रोज त्या रस्त्यावर धावतो आहे.

मेंदूतज्ज्ञ डॉ. रुख्साना मुजावर पुण्याहून शर्विलच्या खोलीवर आल्या, त्या काही सत्कार करायला नव्हे. त्यांच्या पिशवीत मेंदूतल्या लहरी टिपणारी टोपी होती आणि एक स्टीलचं पातेलं. निमित्त होतं तनयाचं. ती ॲम्ब्युलन्स चालवते. मागच्या आठवड्यात घाटात दरड कोसळली होती, तेव्हा तिने गाडी थेट दरीकडे घातली. दगडी कठडा होता म्हणून निभावलं.

“तिकडे का वळवलीत?” टोपी तिच्या डोक्यावर चढवत डॉक्टरांनी विचारलं.

“रस्ता तिकडंच असणार असं वाटलं.”

“पण नव्हता.”

“नव्हता खरा,” तनया हसली. “पण काय झालं का मला? लोक उगं बाऊ करतात, मॅडम.”

डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे पातेलं दाणकन फरशीवर टाकलं. तनयाने सावकाश मान वळवून बघितलं. टोपीला जोडलेल्या पडद्यावरची धक्का टिपणारी रेघ आडवी होती, तशीच आडवी राहिली.

“हे बघा, शर्विल,” डॉक्टर म्हणाल्या. “डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. साठच्या वेगात तेवढ्यात गाडी दीड मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे दिसतं ते शिळं. पुढचं सगळं आपण अंदाजावर चालवतो.”

“तेच तर मी खेळात वापरलंय.”

“अर्धंच वापरलंत. अंदाज चुकला की मेंदूत झटका बसतो. मी त्याला दचक म्हणते. त्या दचकेनेच मेंदू पुढचा अंदाज सुधारतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना? तुमच्या रस्त्यावर पुढच्यालाही ठेच नाही आणि मागच्यालाही नाही. हजारो तास असे गेले की दचक आटते. माणूस निर्धास्त होतो, आनंदी होतो, आणि कठड्यावर जाऊन आदळतो.”

“उपाय?”

“सोपा आहे. खेळात फसवी वळणं घाला. नजर डावीकडे, रस्ता उजवीकडे. गाड्या आपटू द्या. सहा महिन्यांत दचक परत येते, मी बारा जणांवर करून पाहिलंय.”

मोकाटमध्ये गाडी आपटणार, ही कल्पनाच शर्विलच्या जिवावर आली. तो या खेळावर पोटच्या पोराइतकं प्रेम करत होता. पण त्याने ताईकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. “आजच लिहितो. अर्ध्या तासाचं काम आहे.”

तेवढ्यात तनयाचा फोन वाजला. घाटापलीकडच्या वाडीत एक बाई अडली होती, बाळ आडवं होतं. तनयाने किल्ली उचलली. डॉक्टर दारात आडव्या आल्या.

“तुम्ही नाही जायचं. दुसरा ड्रायव्हर बोलवा.”

“सदूभाऊ हाय की. तो माझ्याहून जास्त मोकाट खेळतो,” तनया म्हणाली. “तुम्ही चालवता?”

डॉक्टर दारातून बाजूला झाल्या. पुण्यात गाड्या आपल्या आपण चालतात. त्यांनी आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं. घाटात तसल्या गाड्यांना परवानगी नाही. आणि तिकडे ती बाई कळा सोसत होती.

“मग मी शेजारी बसते,” त्या म्हणाल्या. “गाडीत घाबरणारं एक तरी माणूस हवं.”

घाट चढताना डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक वळणाला त्या “हळू!” म्हणत आणि तनया, पाहुण्या बाईचा मान ठेवावा म्हणून, हळू करत होती. वाडीवर बाईला गाडीत घेतलं, सोबत तिची सासू बसली, आणि गाडी परत फिरली. उतार लागला तेव्हा शर्विलचा निरोप आला.

‘मॅडम, फसवी वळणं टाकली. स्वतः तासभर खेळून तपासलं. एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांना पाठवून दिलं.’

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. त्या तासात शर्विलची गाडी शंभरदा आपटली असेल, नाहीतर वळणं मुळात बसलीच नसतील आणि ती एकदाही आपटली नसेल. शर्विलची स्वतःची दचकही केव्हाच आटली होती; यातलं काय झालं, हे त्याला कळायचा मार्गच उरला नव्हता. आणि तपासायला त्याच्या भोवती जे कुणी होते, ते सगळे त्याचेच खेळाडू होते.

त्यांनी मान वर केली. वळणावर कांद्याचा ट्रॅक्टर उलटून पडला होता. रस्ताभर कांदे. तनयाची नजर शांतपणे उजवीकडे सरकत होती, आणि उजवीकडे नुसतं आभाळ होतं.

“ब्रेक! ताई, ब्रेक!” डॉक्टर ओरडल्या.

तनयाने ब्रेक दाबला. गाडी ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर थांबली. मागे बाई किंचाळली, सासूने देवाचं नाव घेतलं. डॉक्टरांचे दात वाजत होते, त्यांना पट्टा धरलेली मूठ सोडवेना.

तनयाने त्यांच्याकडे बघितलं. तिला मनापासून वाईट वाटलं. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“किती घाबरता हो तुम्ही, मॅडम,” ती मायेने म्हणाली. “रोज थोडं मोकाट खेळत जा. बरं वाटंल.”