आतून भरलेल्या दर्जा

सफक परगण्यातल्या त्या शेतघराची साडेतीनशे वर्षांत तीनदा फेरबांधणी झाली होती, आणि नेड थर्लोला ती भिंतींवरून वाचता येई. तो गवंडी होता. आधी छपरापर्यंत मोकळी एकच मोठी खोली, मग तिच्या मधोमध धुराडं, मग जिना नि वरचा मजला, शेवटी मागे दुधाची खोली. थोरली बहीण हेस्टर इथे नांदायला आल्यापासून मात्र हे घर त्याला डोळ्यांसमोर नको होतं.

"धुराड्याशेजारची भिंत पाड," मेव्हणा विल्फ्रेड म्हणाला. "स्वयंपाकघर मोठं करायचंय."

हेस्टरचा ओठ सुजला होता. "गाईनं ढुशी दिली," ती म्हणाली. ती गाय दोन पायांची, हे नेडला ठाऊक होतं. काम उरकलं की तिला सोबत घेऊनच निघायचं, असं ठरवूनच तो आला होता.

भिंतीवर चुना ओघळून तसाच वाळला होता. गवंडी जिकडे उभा असतो तिकडच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, तो थापीनं साफ भरतो. असा गबाळा चुना लोंबतो तो पलीकडे. नेडनं माणूस शिरेल एवढं भगदाड पाडलं आणि कंदील आत धरला. कपाटाएवढी जागा. दार नाही, खिडकी नाही. आतल्या दर्जा मात्र देखण्या होत्या.

म्हणजे बांधणारा आत उभा होता. पण हाडं नव्हती. जमिनीवर फक्त एक थापी पडली होती, आणि तिच्यावरचा चुना ओला होता.

"जिन्याखालची भिंत अशीच आहे. दुधाच्या खोलीतलीही," हेस्टर हळूच म्हणाली. "विल्फ्रेडचा बाप ती खोली बांधताना नाहीसा झाला. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, इप्सविचच्या बाजारला गेला."

"माझ्या घरात मलाच भुतं दाखवतेस?" विल्फ्रेडनं तिला केसांना धरून चुलीवरच्या तुळईवर आपटलं. नेड मध्ये पडला, तसा विल्फ्रेडनं उचललेल्या फावड्याचा दांडा त्याच्या कपाळावर बसला. तो कोसळला.

"बायल्या! काय आहे आत? बघ!" म्हणत विल्फ्रेड घण घेऊन भगदाडात शिरला.

नेडच्या डोळ्यांत रक्त जात होतं. विटेवर वीट घासल्याचा आवाज आला. त्यानं डोळे पुसले. खाली पडलेल्या विटा आता तिथे नव्हत्या. भगदाड निम्मं भरलं होतं.

आत घण आदळला. मग पुन्हा, मऊ कशावर तरी.

"नेड! फोड! काढ मला!"

नेडनं हातोडा उचलला.

"ठेव खाली," हेस्टर म्हणाली. तिच्या कानातून रक्त गळत होतं.

त्याचा हात तसाच वर राहिला.

शेवटची वीट बसली. किंकाळी तुटली.

नेडनं हातोडा खाली ठेवला. आत थापी दर्जांवरून सावकाश फिरत होती.

हेस्टरनं पाव कापायची सुरी आणली आणि बाहेर लोंबणारा ओला चुना खरवडायला घेतला.

"कुणी विचारलं तर इप्सविचच्या बाजारला गेलाय," ती म्हणाली. "आणि हे जरा सपाट करून दे. बशांची फळी बसवायचीय."