त्रेचाळीस पट्ट्या

“बोलत नाही ते बरंच आहे. तिकडं बोलणारी माणसं नकोतच, हात पाहिजेत.”

हे माझ्याबद्दल होतं. बोलणारे होते वैजनाथकाका, माझ्या सासऱ्यांचे मित्र, डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर. मी गच्चीच्या जिन्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सासरे, म्हणजे नानासाहेब, म्हणाले, “शिवाय घरचीच. पासपोर्ट तर मी मागूनच घेतलाय.” दोघंही हसले. मी दोन पायऱ्या खाली उतरले, बांगड्या जरा वाजवल्या आणि पुन्हा वर गेले. लग्नाला तीन महिने झाले होते. कुठं आणि केव्हा वाजायचं एवढं कळायला लागलं होतं.

आमच्या घरचे लोक दरवर्षी आफ्रिकेला जातात, आरोग्य शिबिर घ्यायला. टांझानियातलं एखादं खेडं धरायचं. चार दिवस तपासणी, दोन दिवस सिंह. खाली दिवाणखान्यात भिंतभर फोटो आहेत. नवी सून म्हणून पहिल्या आठवड्यात मला दुसरं काही काम नव्हतं, तेव्हा मी मोजले होते. सिंह सात, पेशंट दोन. दोन्ही पेशंटांच्या खांद्यावर काकांचा हात आहे आणि दोघंही कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून त्या हाताकडं बघतायत. हे शहर ज्यानं वसवलं, इथं ज्यानं नहरीनं पाणी खेळवलं, तो मलिक अंबर आफ्रिकेतूनच विकला जाऊन आला होता. त्याच शहरातले आमचे लोक आता तिकडच्या माणसांना हात कसे धुवावेत याचा तक्ता घेऊन जातात. इंग्रजीतला.

लग्नाआधी तीन वर्षं मी गंगापूरला एका दवाखान्यात डोळे तपासायचे. म्हणून यंदा फेब्रुवारीत मला न्यायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मला तसं कळवण्यात आलं होतं. गाव नवीन होतं. बॅनरही नवीन होता. त्यावर काकांचा फोटो गेल्या वर्षीपेक्षा मोठा होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर शिबिराची बैठक होती. बैठक सुरू झाली आणि वीज गेली. माझी नणंद मीनाक्षी दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी यंदा पहिल्यांदाच शिबिराला निघालेल्या. अंधार पडल्याबरोबर तिघी काकांच्या खुर्चीभोवती सरकल्या.

“काका, भुताची सांगा ना एखादी. पण खरी हं.”

“खरीच सांगतो. माझ्या माणसाच्या बाबतीत घडलेली.” काकांनी शाल सारखी केली. “माझ्या दवाखान्यात कारभारी म्हणून एक मदतनीस होता. दौलताबादच्या पुढं त्याचं गाव. साधा माणूस, निर्व्यसनी. आपल्याबरोबर टांझानियालाही आला होता. तारीखसुद्धा सांगतो. अठरा जानेवारी दोन हजार चोवीस, गुरुवार. आम्ही परत येऊन महिना झालेला. शिबिरातून उरलेल्या सामानाचं एक खोकं वाळूजला एका ओळखीच्याच्या गोदामात पडून होतं. कारभारीला म्हटलं, बाबा, दवाखाना बंद केलास की जा, खोकं घे, रात्री घरी ने आणि सकाळी येताना औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात आणून टाक. गोदामवाला दुसऱ्या पाळीला होता. त्यानं किल्ली देईपर्यंत अकरा वाजून गेले.”

“खोक्यात काय होतं?” मीनाक्षीनं विचारलं.

“काही नाही गं. डोळ्यांचे थेंब, कापूस, चिकटपट्टीचे रोल. आता त्या पट्टीचं तुम्हाला सांगायला पाहिजे.”

मग काकांनी सांगितलं. मोतीबिंदू पिकलेला दिसला, की ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं त्या भुवईच्या वर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. म्हणजे टेबलावर घेताना उजव्या-डाव्याचा घोळ होत नाही.

हे मला कुणी सांगायला नको होतं. गंगापूरला मी रोज पट्ट्या लावायचे. माणसं ती पट्टी फार जपतात. एक आजी तर पट्टी भिजू नये म्हणून चार दिवस तोंड न धुता, मिसरीचे काळे ओठ घेऊन तशाच ऑपरेशनला आल्या आणि मला म्हणाल्या, “बग, हाय का न्हाई जशीच्या तशी?”

“तिकडच्या त्या गावात कारभारीनं त्रेचाळीस लावल्या,” काका म्हणाले. “पण आपलं मशीन कस्टममध्ये अडकलं. लोक तर उठेनात. मग आम्ही सांगून टाकलं, पट्टी काढू नका, उद्या येतो. केशो! तिकडच्या भाषेत उद्या म्हणजे केशो. आमच्या सगळ्या टीमला एवढा एकच शब्द पाठ होता!”

सगळे हसले. नानासाहेब सगळ्यांत जास्त. मशीनचं मला माहीत नव्हतं. पण त्या उद्याचा फोटो खाली भिंतीवर आहे, तारखेसकट. त्यात सिंह आहे.

“तर कारभारी वाळूजहून निघाला. शरणापूरवरून दौलताबादकडं. खोकं मागच्या सीटवर दोरीनं बांधलेलं. थंडी मरणाची. अर्धा चंद्र मावळतीला टेकलेला. किल्ल्याच्या अलीकडं आला तेव्हा पावणेबारा झाले होते. आणि डाव्या बाजूला, पडक्या तटाच्या कडेनं, त्याला पांढरे ठिपके दिसले. रस्त्याला रिफ्लेक्टर लावतात ना, उजेड पडला की चमकतात, तसे. एकामागं एक. त्याला वाटलं, चला, सरकारला एकदाची अक्कल आली.”

“मग?”

“मग त्याच्या लक्षात आलं... सकाळी इथं काही नव्हतं.”

मीनाक्षीच्या मैत्रिणीनं तिचा हात धरला.

“आणि ते एका उंचीवरही नव्हते. एक वर. एक खाली. रिफ्लेक्टर असे नसतात. सरळ ओळीत असतात. त्यानं गाडी हळू केली. उजेड नीट पडला. त्यातला एक... हलला.”

काकांचा आवाज उतरला होता. इतका वेळ ते गोष्ट सांगत होते. आता आठवत असल्यासारखे वाटले.

“माणसं होती. तटाला टेकून. रांगेत. गुडघे जवळ घेऊन बसलेली. शिबिरात बसतात तशी. तोंडं दिसत नव्हती. नुसत्या पट्ट्या. कारभारीनं त्या मोजल्या नाहीत. त्याला मोजायची गरज नव्हती.”

खालच्या रस्त्यानं एक रिक्षा गेली आणि तिचा आवाज वळणावर संपला.

“पुढं वेस आहे. तिथनं एका वेळी एकच गाडी जाते. थांबून, बघून जावं लागतं. तो थांबला. आणि रांगेतली शेवटची... तिथं होती. वेशीत. म्हातारी. अंगाभोवती रंगीत कापड. अनवाणी. उजव्या भुवईवर पट्टी. खाली डोळा... दुधासारखा. ती त्याच्याकडं बघत नव्हती. आवाजाकडं बघत होती.”

“काका, बास,” मैत्रीण म्हणाली.

“त्यानं गाडी बंद केली. का केली, त्यालाही सांगता आलं नाही. सगळं गप्प... आणि तिनं विचारलं.”

“काय?”

काका पुढं वाकले.

“केशो?”

मीनाक्षी किंचाळली. मग स्वतःच हसली. काका हसले नाहीत.

“दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून रडला तो. म्हणला, ‘साहेब, म्या लई पिळली गाडी. पर पळंना. खोकं जड झालं व्हतं. मागं कुणी बसल्यावानी. वळून बगायचं धाडस झालं नाय.’ घरापर्यंत तसाच गेला. गाडी लावली. दोरी सोडली नाही. बायकोला, मनकर्णाबाईला, एक शब्द बोलला नाही. पांघरूण घेतलं. पडला. पहाटे ती उठवायला आली... आणि दारातच थांबली. म्हणली, ‘अवं... तुमच्या भुवईला काय लागलंय?’”

काकांचं बोट अंधारात कुठंतरी वर गेलं आणि परत खाली आलं.

“पट्टी होती. नवी नाही. जुनी. महिनाभर अंगावर राहिल्यासारखी. कडा मळलेल्या, तांबड्या मातीनं. आपल्याकडची माती काळी. मागं खोकं तसंच होतं, दोरीची गाठसुद्धा हललेली नव्हती. आणि पट्टीवर... सही होती.”

“सही? कुणाची?”

“ते राहू दे,” काका म्हणाले.

एवढ्यावर गोष्ट संपली. मग सगळ्यांना एकदम बोलायचं सुचलं. मीनाक्षी म्हणाली, “काका, ह्याचं रील करू या. गच्चीवरच, असाच अंधार ठेवून.” मैत्रिणीनं विचारलं, कारभारीचे केस पांढरे झाले का. दुसरीनं विचारलं, त्यानं कुणाला दाखवलं का, उतारा वगैरे. काका म्हणाले, नोकरी सोडून गेला. आता रस्त्यात दिसला तरी ओळख देत नाही. आमचे हे म्हणाले, “प्यायला असेल.” नानासाहेबांनी तेच मोठ्यानं म्हटलं, आणि मग कामाचं बोलले, “म्हणूनच यंदा नवं गाव घेतलंय. ताजं गाव. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही.”

मी टाकीला टेकून बसले होते. रिकामे कप माझ्या पुढ्यात होते. पट्टी मदतनीस लावतो. पण तिच्यावर सही करतो तो डॉक्टर. ज्याच्या हातून ऑपरेशन व्हायचं असतं तो. गंगापूरला डॉक्टरांची सही नसली तर मी पेशंटला आत घेत नसे. त्या त्रेचाळीस पट्ट्यांवर कुणाची सही असणार हे त्या गच्चीवर दोघांनाच नक्की ठाऊक होतं, काकांना आणि मला, आणि काकांनी त्या सहीचं सगळं ओझं कारभारीच्या गाडीवर बांधून दिलं होतं.

फेब्रुवारीत तो रोल माझ्या हातात असणार होता. नव्या गावातल्या कुणाच्या तरी आजीची हनुवटी मी वर उचलणार होते, आणि माझ्या मागं उभं राहून कुणीतरी तो एकच पाठ केलेला शब्द म्हणणार होतं.

भुताबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. डोळ्यांबद्दल कुणी नाही.

“काका,” मी म्हणाले.

लग्नानंतर त्या गच्चीवर मी पहिल्यांदाच आपण होऊन बोलले असेन, कारण तिन्ही मुली माझ्याकडं वळल्या, जणू टाकीच बोलली होती.

“त्या लोकांची ऑपरेशनं कुणी केली?”

“अगं, भुताच्या गोष्टीत असलं विचारतात का?” नानासाहेब हसत म्हणाले. हसणं एकट्याचंच राहिलं.

“काका, ती म्हातारी तरी?”

“ती...” काकांनी शाल ओढून घेतली. “ती त्या रात्रीच्या आधीच गेली होती. जानेवारीच्या सुरुवातीला तिथल्या यजमानांचा फोन आला होता. रोज सकाळी त्या शाळेत जाऊन बसायची म्हणे, शिबिर होतं तिथं. रस्ता ओलांडताना ट्रक आला. दिसला नाही तिला. बाकीच्यांचं... तिकडचे लोक बघतील ना. आपण कुठं कुठं पुरणार?”

आमच्या ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला. सावकाश, कुणाला दिसणार नाही असा. मी कोपर काढून घेतलं, कप ट्रेमध्ये ठेवले आणि उभी राहिले.

“मग बेचाळीस उरले, काका,” मी म्हणाले. “आणि नाना, त्याच गावाला परत जायचं असेल तर माझा पासपोर्ट तुमच्याकडं राहू द्या. नव्या गावाला जायचं असेल तर चला खाली, आत्ता काढून द्या.”