उजवीकडची पट्टी

मास्तरांनी जुन्या बाजारातून रशियन कॅमेरा आणला, तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, घरात मोबाइल असताना हे लोखंड कशाला?" शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना मात्र ते लोखंडच आवडलं होतं. वजन विटेएवढं, खटका दाबला की कडी पडल्यासारखा आवाज. रोलही ते बाथरूममध्ये स्वतःच धुवायचे.

पहिल्या रोलच्या सगळ्या फोटोंत उजव्या कडेला काळी पट्टी आली. एका फोटोत लेकीची लाडकी मांजर त्या पट्टीत सापडली होती. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, तसं नुसतं शेपूट बाहेर. मास्तरांनी हसत फोटो दाखवला.

"कुठली मांजर, बाबा?"

पोरगी थट्टा करतेय, असं त्यांना वाटलं. पण मांजरीची दुधाची बशीही घरात सापडेना.

दुसऱ्या एका फोटोत समोरचा शिंपी पट्टीत गेला होता. मास्तर त्याच्याकडे टाकलेली पँट आणायला निघाले आणि दारातच थबकले. समोर रंग उडालेली सलग भिंत होती.

"कुठला शिंपी?" बायको म्हणाली. "तिथं पहिल्यापासून भिंतच आहे. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मास्तरांनी कॅमेरा उचलला. ते तडक कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे गेले.

"आत कापडाचे दोन पडदे धावतात," तो म्हणाला. "मागचा पुढच्याला गाठतो, मग त्या कडेला उजेडच पोचत नाही. जुनं दुखणं आहे हो हे." त्यानं पडदे बदलून दिले.

कॅमेरा फेकून द्यावा असं मास्तरांच्या दहादा मनात आलं. पण शास्त्राचा मास्तर कापडाला भ्यायला, हे सांगणार कुणाला?

रविवारी सकाळी बायको हट्टालाच पेटली. "सगळ्यांचे काढता, तुमचा एकही नाही. आज तिघांचा काढा."

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. त्यांनी मायलेकींना सोफ्याच्या पार डाव्या टोकाला बसवलं, उजवीकडची खुर्ची रिकामी ठेवली. टायमर लावला. तो घरघरू लागला. धावत जाऊन दोघींच्या मागं उभं राहायचं, एवढंच होतं.

घरघर मध्येच थांबली. मास्तर खुर्चीपाशीच पोचले होते.

खट्.

दुपारी त्यांनी बाथरूममध्ये नळ सोडून रोल धुतला. ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि आधी लेकीला शोधलं. होती. शेजारी तिची आई होती. निगेटिव्हवर काळ्या पट्टीच्या जागी दिसणारी कोरी कड कुठंच नव्हती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी खुर्ची पाहिली.

रिकामी होती, आणि तिच्यापाशीही कुणी नव्हतं.

"अगं," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे ये."

बाहेर कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं.

थोड्या वेळानं लेकीनं दार ढकललं. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"आई, आत कुणी नाही. मग नळ कुणी सोडलाय?"

"बंद कर बाई, पाणी वाया चाललंय."

तिनं हात लांबवून नळ बंद केला, आणि जाताना दिवाही मालवला.