डावीकडचा डाग

नव्या कॅमेऱ्याचं खोकं आलं ते भर दुपारी, जेवणं उरकून नवी सून ओटा पुसत होती तेव्हा. नवऱ्याने ते दोन्ही हातांवर असं झेललं, जणू दवाखान्यातून बाळच घरी आलंय.

"अगं बघ तर! आरसाच नाही ह्याच्यात."

"मग भांग कसा पाडणार?" ती म्हणाली.

तो खो खो हसला. लग्नाला चार महिने झाले होते आणि तिचं एवढंसं बोलणंही त्याला पुरायचं. ती मुळातच कमी बोलायची. बघायची मात्र भरपूर.

घर वर, स्टुडिओ खाली. स्टुडिओत पुढे काउंटर, मधे तपकिरी पडदा आणि त्याच्यासमोर एक स्टूल, आणि मागे डार्करूम, बाहेरून कडी असलेली. सगळी दुनिया डिजिटल झाली तरी सासरे आपले ढिम्म. फोटो फिल्मवरच काढायचे, रोल आपल्याच हाताने धुवायचे. हाताला कंप सुटला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी हेका सुटला नव्हता. म्हणून तर सून बघायला आले तेव्हा त्यांनी मुलीचा चेहरा पाहिलाच नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, "पट्टी न घेता एक रेघ ओढ बरं, बाळ." रेघ सरळ आली आणि लग्न ठरलं. मैत्रिणींना ती सांगायची, सगळ्या मुली रंगावर पास होतात, मी रेघेवर झाले.

रेघेचं कारण तिला सासरी आल्यावर आठवड्याभरात कळलं. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं, पेन्सिलीने पुळ्या बुजवायच्या आणि नको तो भाग पात्याच्या टोकाने अलगद खरवडायचा. बाकी कामं गिऱ्हाइकाप्रमाणे बदलायची, एक मात्र ठरलेलं. बसलेल्या माणसाच्या मागे, डावीकडे, तांदळाएवढा एक काळा डाग असायचाच.

"जुना कॅमेरा आहे, उजेड गळतो त्यातून," सासरे म्हणाले होते. "तो डाग सगळ्यांत आधी काढत जा. आणि नवऱ्याला दाखवू नकोस, नाहीतर लगेच नवा कॅमेरा घ्या म्हणेल."

डागाच्या वरच्या अंगाला दोन फिकट टिंबं असायची. आधी त्यांच्याभोवतीचं खरवडलं, खालून वर, तीन तीन हलके फटके दिले, की टिंबं विरून जायची आणि पुढचं काम सोपं व्हायचं. का सोपं व्हायचं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बघणारं कुणी उरायचं नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट तिने पाहून ठेवली होती. फोटोग्राफरचं घर, पण नवऱ्याच्या आईचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. तो सहा महिन्यांचा असताना ती दम्याने गेली म्हणे. "तिला फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही," असं सासरे म्हणायचे, आणि पाणी प्यायला उठायचे.

त्या दुपारी सासरे वर झोपले होते. नवऱ्याने नवा कॅमेरा तिपाईवर चढवला आणि तिला स्टुलावर बसवलं.

"बाबांच्या कॅमेऱ्यात आपल्याला आरशातलं दिसतं," त्याचं चालू होतं. "ह्यात कॅमेऱ्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. आतल्या आत छोटा पडदा आहे. आणि ही चौकट बघ, आपोआप माणसाचे डोळे शोधते. बस नीट."

ती नीट बसली.

"अगं, जरा इकडे... नाही, तुझं बरोबर आहे. ह्या चौकटीचंच काहीतरी..." तो डोळा लावून पुटपुटत राहिला. "तुला सोडून मागेच जातेय सारखी."

"पहिल्याच दिवशी सवत आणलीत," ती म्हणाली.

या वेळी तो हसला नाही. "तू बघ जरा. मी बसतो."

तिने डोळा लावला. स्टुलावर नवरा. त्याच्या चेहऱ्यावर चौकट क्षणभर टेकली आणि सरकली. डावीकडे. पडद्याच्या अंधारात, निगेटिव्हच्या बरोबर उलट, काहीतरी फिकट उभं होतं. तो आकार तिने लगेच ओळखला. चार महिने रोज बघितलेला माणूसही इतक्या चटकन ओळखू येत नाही. फक्त आता तो तांदळाएवढा नव्हता. बाईएवढा होता. बाईचा एक हात वर उचललेला, मूठ वळलेली.

तिने डोळा बाजूला केला. स्टूल, नवरा, तपकिरी पडदा. बस्स.

पुन्हा लावला. मूठ हलत होती. बाई हवेवर ठोठावत होती... आवाज मात्र नव्हता.

तिने बटण दाबलं. फोटो मागच्या स्क्रीनवर उमटला. नवरा शेजारी येऊन स्क्रीनवर वाकला.

"कोण आहे ही?"

तिने फोटो डिलीट केला. पुढचा काढला. त्यात बाई स्टुलाच्या आणखी जवळ होती. तोही डिलीट केला. तिसऱ्यात तिची सावली स्टुलावर पडली होती.

जिन्यावर पावलं वाजली. सासरे कठड्याला धरून खाली उतरले, स्क्रीनकडे एकदाच बघितलं आणि भिंतीला टेकले. दचकले मात्र नाहीत. सुनेच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"खरवड," ते तिला म्हणाले. "लवकर खरवड तिला."

"रोजच्यासारखं कुठे खरवडू, बाबा?" ती हळूच म्हणाली. "ह्याला निगेटिव्हच नाही."

पंखा तेवढा कुरकुरत होता.

"तिला म्हणजे कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी उत्तर दिलं ते मुलाला नाही, डार्करूमच्या दाराला.

"आपल्याकडचे रोल तीच धुवायची... माझ्यापेक्षा चांगले. मधेच कुणी दार उघडलं तर फिल्म जाते, म्हणून बाहेरून कडी घालायचो. काम झालं की ती ठोठावायची. त्या दिवशी आत गेली, औषधांच्या वासाने घुसमटली असेल, आणि लगेच ठोठावायला लागली. मोठ्या घरचं लग्न होतं रे... एकच रोल. बारा मिनिटं लागतात. मी म्हटलं, थांब थोडं. घड्याळ समोर होतं. हात कडीवरच होता माझा..."

"मग?"

"मग ठोठावणं थांबलं. मला वाटलं, समजली ती."

"आणि तुम्ही उघडलंत कधी?"

सासऱ्यांनी समोरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बाबा, कधी?"

"रोल चांगला आला," सासरे म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा असा झाला, की सुनेने नजर काढून घेतली. "दमा म्हणालात," तो म्हणाला. "मला तीस वर्षं दमा सांगितलात. माझ्या आईचा एक फोटो नव्हता म्हणालात. आणि ती रोज येत होती... रोज तुम्ही तिला..."

रोज मी, सुनेच्या मनात आलं. चार महिने रोज मीच. ह्या म्हाताऱ्याचा हिशोब होईल तेव्हा माझाही होणार का?

तिने पुन्हा डोळा लावला. स्टुलामागे कुणी नव्हतं.

"गेली," ती म्हणाली.

"गेली?" सासऱ्यांच्या तोंडावर रंग आला. "बघ, म्हणजे ह्याच डबड्याचा दोष. बंद करा ते. माझा कॅमेरा आणतो मी." आणि ते तीस वर्षांच्या सवयीने डार्करूममध्ये शिरले.

दार लागलं. बाहेरून कडी चढली.

नवरा जागचा हलला नाही. एक क्षण, दोन क्षण. आतून पहिली थाप आली. मग तो धावला. त्याने कडी ओढली, लाथा घातल्या, स्टुलाने ठोकली. साधी पत्र्याची कडी, पण भिंतीत चिणल्यासारखी बसली होती.

सुनेने कॅमेरा हातात घेऊन दारावर रोखला.

सासूबाई तिथे होत्या. दाराला पाठ लावून, तळहात कडीवर ठेवून. नजर असती तर ती समोरच्या घड्याळाकडे असती. पण नजर नव्हती. चेहऱ्याचा बराचसा भाग वेड्यावाकड्या ओरखड्यांनी भरला होता, ते कापऱ्या हाताचं काम. डोळ्यांच्या जागा तेवढ्या गुळगुळीत होत्या. खालून वर, तीन तीन फटके. एकही रेघ वाकडी नाही.

"सासूबाई..." ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं हो. सोडा त्यांना."

चौकट भिरभिरत होती. त्या चेहऱ्यावर टेकायची, काही सापडायचं नाही, सुटायची, पुन्हा टेकायची. मग तो चेहरा घड्याळाकडून वळला आणि तिच्याकडे होऊन थांबला. बराच वेळ.

आतून सासरे मुलाला हाका मारत होते. मग त्यांनी एक वेगळंच नाव घेतलं, त्या घरात कुणी कधी न उच्चारलेलं. ते दोनदा घेतलं. मग नुसत्या थापा.

मग तेही नाही.

बारा मिनिटं भरली तेव्हा कडी आपोआप सुटली. सासरे दाराला टेकूनच बसले होते, बोटांची सालं निघालेली. आतले ट्रे धुऊन कोरडे ठेवलेले होते, तरी त्यांच्या कपड्यांना औषधांचा असा दर्प होता की डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि हृदय बंद पडलं म्हणून लिहून दिलं.

नवऱ्याने दाराची कडी उपटून फेकली. महिन्याभराने स्टुडिओ उघडला. नव्या कॅमेऱ्याने शेकडो फोटो निघाले, लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, नवरा-बायकोंचे. डावीकडे नुसता पडदा. चौकट चष्म्याआडचे डोळे शोधायची, झोपाळू बाळाचेसुद्धा. आईचा एक तरी फोटो मिळावा म्हणून स्टुडिओ बंद झाल्यावरही तो रिकाम्या स्टुलाकडे कॅमेरा लावून बसायचा. काही येत नसे. सुनेला त्याची दया यायची, आणि स्वतःचीही, कारण आईचा चेहरा त्याला कधीच मिळणार नाही आणि का, हे तिला एकटीला माहीत होतं. ते तिने सांगितलं नव्हतं.

एका सकाळी तो म्हणाला, "चल, तुझा एक चांगला फोटो काढू. भिंतीवर लावायला. आपल्या घरात बायकांचे फोटो नाहीत, असं नको."

तिला नाही म्हणवलं नाही. ती स्टुलावर बसली. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. तिने पदर सारखा केला आणि सरळ भिंगात बघितलं.

नवऱ्याने डोळा लावला. एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं.

"हं, हस थोडी. छान." मग जरा थांबून, "अगं, डोळे उघड ना."

तिने डोळे मिटलेच नव्हते.

"उघड की गं," तो लाडाने म्हणाला. "किती वेळ?"